चिमूटभर मीठ, तांब्याभर पाणी

उन्हातून आलेल्या माणसाच्या हातात आपण कोकम सरबत देतो, आणि त्यात न विसरता मीठ घालतो. या अंकाचा विषय आम्हाला त्या चिमटीत सापडला. चेतापेशीच्या आत मिठातला सोडियम कमी, बाहेर भरपूर. पेशीपटलातली दारं क्षणभर उघडली की तो आत घुसतो आणि संदेश पुढे सरकतो. हॉजकिन आणि हक्सले या शास्त्रज्ञांनी १९५२ साली हे गणितासह मांडलं, ते माकुलाच्या जाड चेतातंतूवरच्या प्रयोगांतून. (कोकणातल्या वाचकांना आधी कालवण आठवणार, त्याला आमचा इलाज नाही.)

तेच मीठ रक्तात वाढलं की मेंदूतल्या काही पेशी आक्रसतात, तहान लागते आणि मूत्रपिंडांना पाणी राखण्याचा हुकूम सुटतो. दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळून ती जेमतेम दीड लिटर बाहेर सोडतात. शाळेत हे दोन धडे वेगवेगळे शिकलो; इथे ते मुद्दाम एकत्र बांधलेत. उंटाला मात्र या वेळी सुट्टी, तो सगळीकडे असतोच! त्याच्याऐवजी बियांवर जगणारा, पाण्याला क्वचितच तोंड लावणारा कांगारू उंदीर भेटेल. शेतात, रस्त्यावर, भट्टीपाशी राबणाऱ्या वाचकांनी आपली तहान कशी भागते ते जरूर कळवावं.