टेबलाखालचा पाहुणा

बालमित्रांनो, ‘कुत्र्यापासून सावध राहा’ ही पाटी तुम्ही पुण्यात शंभर वेळा तरी वाचली असेल. (कित्येकदा आत कुत्रा नसतोच, नुसती पाटीच राखण करते!) पण आमच्या खराडीत आता उलटी पाटी दिसायला लागली आहे. वर पंजाचं चित्र आणि खाली आमंत्रण, की तुमच्या कुत्र्यालाही घेऊन या. ही पाटी कुठे, तर चक्क हॉटेलच्या दारावर!

खराडी, विमाननगर, कल्याणीनगर, कोरेगाव पार्क या भागांत अशी कॅफे आणि हॉटेलं निघाली आहेत. कुठे फक्त बाहेरच्या मोकळ्या जागेतल्या टेबलांपाशी कुत्र्याला बसू देतात, कुठे आतही. पाण्याचं भांडं ठेवतात. एखाद्या ठिकाणी तर कुत्र्यांचं वेगळं मेन्यूकार्ड असतं. त्यात उकडलेलं चिकन आणि भात, तोही बिनमिठाचा!

आजी-आजोबांना सांगितलंत तर म्हणतील, “काय ही थेरं!” पण मी म्हणते, जरा थांबा. १९९७ साली खराडी पुणे महापालिकेत आली. त्याआधी हे मुळा-मुठेच्या काठचं शेतीचं गाव होतं. आज जिथे इऑन आयटी पार्कच्या काचा चमकतात, त्या भागात तेव्हा शेतं होती. गावाकडच्या घरांत रात्रीची जेवणं झाली की शेवटची चतकोर भाकरी कुत्र्याची, हे ठरलेलंच असायचं. त्याचा मान उंबऱ्याच्या बाहेर होता एवढंच. आणि संत नामदेवांची गोष्ट तर तुम्हांला ठाऊकच आहे. कुत्र्याने पोळी पळवली, तर नामदेव काठी घेऊन नाही, तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. कोरडी खाऊ नकोस, म्हणाले!

आता शास्त्रज्ञ काय म्हणतात ते पाहा. भाकरीचा घास खूप वेळ चावला की गोड लागतो ना? आपल्या लाळेत अमायलेज नावाचा पाचक रस असतो, तो पिठाची साखर करतो. कुत्र्याच्या लाळेत तो नसतो, पण त्याच्या पोटातल्या स्वादुपिंडात तयार होतो. २०१३ साली स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी कुत्रे आणि लांडगे यांची जनुकं ताडून पाहिली. हा रस तयार करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती सापडल्या आणि कुत्र्यांत चारपासून तीसपर्यंत! म्हणजे काय झालं असेल? माणूस शेती करू लागला, धान्य खाऊ लागला, आणि त्याच्या उष्ट्यावर जगणारा प्राणी हळूहळू भाकरी पचवायला शिकला. लांडग्याचा कुत्रा झाला त्यात आपल्या जेवणाचाही वाटा आहे.

मग भांडण कशाचं? भांडण आमच्या चौथीच्या वर्गात झालं, ते सांगते.

एका मुलीचा वाढदिवस होता. तिच्याकडे लॅब्रेडॉर आहे. तिच्या बाबांनी ठरवलं, की कुत्र्याला चालणाऱ्या कॅफेतच वाढदिवस करायचा. सगळ्यांना आमंत्रण. वर्गात नुसता आनंदीआनंद! एक मुलगा मात्र म्हणाला, “मी नाही येणार.”

“अरे, तो चावत नाही!”

“मला चावला ना, तेव्हा पण त्या काकू असंच म्हणत होत्या.”

हा मुलगा दुसरीत असताना शेजारच्या इमारतीतला कुत्रा त्याच्या पोटरीला चावला होता. सगळी इंजेक्शनं घ्यावी लागली होती. तेव्हापासून तो रस्त्यात कुत्रा दिसला की पलीकडच्या बाजूने जातो. वर्गात दोन तट पडले. एक म्हणे, हॉटेल माणसांचं आहे. दुसरा म्हणे, भित्र्याने घरी बसावं. दुसऱ्या तटाला मी तिथेच थांबवलं. भीती म्हणजे खोडी नव्हे, की कानउघाडणी केली आणि गेली. आणि पालकांनो, “चावत नाही हो!” हे वाक्य आपण कुत्रेवाल्यांनी खरोखर सोडून द्यायला हवं. समोरचं मूल घाबरलंय, त्याला आपल्या कुत्र्याचं प्रमाणपत्र नको असतं. त्याला चार हातांचं अंतर हवं असतं. दोरी आखडून घ्यावी आणि बाजूला व्हावं, बस्स.

इतक्यात मागच्या बाकावरून आवाज आला. “बाई, माझे पप्पा एका हॉटेलच्या गेटवर असतात. गाडीतून कुत्रा आला तर दार उघडायचं, आणि रस्त्यावरचा आला तर काठी दाखवायची. दोन्ही कुत्रीच ना?”

वर्ग गप्प झाला. या प्रश्नाचं एका तासात बसेल असं उत्तर माझ्याजवळ नव्हतं, आणि मी ओढूनताणून दिलंही नाही. एवढं मात्र सांगितलं, की बाहेरच्या कुत्र्याला लस टोचलेली आहे की नाही हे पप्पांना कळायला मार्ग नसतो, म्हणून त्यांना तसं सांगितलेलं असतं. रस्त्यावरच्या कुत्र्यांना पकडून, नसबंदी करून, रेबीजची लस द्यायची, हे काम पालिकांचं आहे. २०२३ च्या केंद्र सरकारच्या नियमांत तसं लिहिलं आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने असंही सांगितलं, की त्यांना वाटेल तिथे खाऊ घालू नये, त्यासाठी जागा ठरवून द्याव्यात. तो मुलगा म्हणाला, “पप्पा रात्री त्याला पाव देतात, पण मालकाला माहीत नाहीये.” म्हणून तर ते हॉटेल कोणतं, हे मी इथे लिहीत नाही!

वाढदिवसाचं काय झालं? ती मुलगी हुशार निघाली. बाबांबरोबर आदल्या दिवशी जाऊन ती जागा पाहून आली. कुत्रा बाहेर कोपऱ्यातल्या टेबलापाशी, दोरी बाबांच्या हातात, आणि घाबरणाऱ्याची खुर्ची आत काचेच्या अलीकडे. तो आला. कुत्र्याला हात लावला नाही, आइस्क्रीम मात्र दोन घेतली.

आता जरा त्या कुत्र्याच्या बाजूने पाहू या. त्याला हॉटेल आवडतं का? कुणी विचारलंय? माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी असतात सुमारे पन्नास-साठ लाख. कुत्र्याच्या नाकात त्या तीस कोटींपर्यंत असू शकतात. आपल्याला नुसती फोडणी कळते, त्याला शेजारच्या टेबलावर काल कोण बसलं होतं तेही कळत असेल! माणसाला सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला पंचेचाळीस हजारांपर्यंत. त्यात गाणी, मिक्सर, खुर्च्या सरकवण्याचा आवाज, ‘हॅपी बर्थडे’ आणि फट्‌कन फुटणारे फुगे. शांत स्वभावाचा, माणसांत वाढलेला कुत्रा टेबलाखाली निवांत झोपतो. पण एखादा बिचारा सगळा वेळ धापा टाकत बसतो, आणि आपण म्हणतो, “पाहा कसा हसतोय!”

कुत्र्याची भाषा शिकायला इंग्रजीपेक्षा सोपी आहे. झोप आलेली नसताना तो जांभया देतो, जवळ खाणं नसताना जीभ ओठांवरून फिरवतो, तोंड वळवतो, शेपूट पायांत घालतो, म्हणजे तो सांगतो आहे की मला हे नको. शेपूट हलते म्हणजे तो खूशच आहे असंही नाही. ताठ, उंच धरलेली शेपूट भराभर हलत असेल तर लांब राहा. हात लावायचा असेल तर आधी मालकाला विचारा आणि मग कुत्र्याला विचारा. कुत्र्याला कसं विचारणार? अंगावर वाकायचं नाही, डोक्यावरून हात फिरवायला जायचं नाही. बाजूला उभं राहायचं, हात खाली सोडायचा. त्याने येऊन हुंगलं तर ‘हो’. तोंड फिरवलं तर ‘नाही’, आणि ते मुकाट्याने ऐकायचं. जेवणाऱ्या आणि झोपलेल्या कुत्र्याला तर विचारायचंच नाही.

आणि आता मुख्य गोष्ट, ताटातली! टेबलाखालून दोन डोळे असे काही बघतात, की आपला हात खाली जातोच. पण आपलं हॉटेलातलं जेवण कुत्र्यासाठी फार वाईट. सगळ्यांत मोठा शत्रू कांदा. कच्चा असो, तळलेला असो, की रश्श्यात वाटून घातलेला असो, कांद्यातल्या द्रव्यांनी कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. लसणाचंही तसंच. आता मला सांगा, कांदा-लसूण नसलेला पदार्थ आपल्या हॉटेलात किती सापडेल? भजी नको, पावभाजी नको, मिसळ नको, मंचुरियन नको. द्राक्षं आणि मनुका खाऊन कुत्र्याची मूत्रपिंडं बंद पडू शकतात. असं का होतं, हे कितीतरी वर्षं कोडंच होतं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लावर बोट ठेवलं. आणि गंमत म्हणजे हेच आम्ल आपल्या चिंचेत भरपूर असतं. तेव्हा भेळेची चटणीही त्याच्या वाट्याला नको. चॉकलेटमधलं थिओब्रोमिन आपलं शरीर लवकर निकामी करतं, कुत्र्याचं फार हळू. जितकं काळं आणि कडू चॉकलेट, तितका धोका जास्त. काही बिनसाखरेच्या च्युइंगममध्ये झायलिटॉल असतं, त्याने त्याच्या रक्तातली साखर एकदम घसरते. आणि हाडं? शिजलेलं हाड ठिसूळ होऊन त्याच्या टोकदार काड्या होतात, त्या घशात किंवा आतड्यात रुततात. तंदुरीची हाडं प्रेमाने देणारे काका प्रत्येक घरात एक तरी असतात. त्यांना हा अंक वाचायला द्या.

असं काही पोटात गेलंच, तर उलटीची वाट पाहत बसू नका. काय खाल्लं, किती खाल्लं, केव्हा खाल्लं, एवढं कागदावर लिहून लगेच पशुवैद्यांकडे जा.

पालकांनो, चार शब्द तुमच्यासाठी. निघण्याआधी हॉटेलात फोन करून विचारा. पाटीवर पंजा असला तरी आत बसू देतील का, मोठा कुत्रा चालेल का, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. जिथे अन्न तयार होतं तिथे जनावरांना मज्जाव, हे अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांतही आहे, तेव्हा स्वयंपाकघराच्या दारापासून लांबचं टेबल मागा. कुत्रा जमिनीवर बसेल, खुर्चीवर नाही. त्याचं भांडं घरून न्या, माणसांच्या बशीत त्याला देऊ नका. त्याने घाण केली तर ती आपण पुसायची, वेटरने नव्हे. तो दिवसभर उभा असतो, आणि कदाचित त्यालाही कुत्र्याची भीती वाटत असेल, पण नोकरीपायी तो बोलणार नाही. पिल्लाच्या लसी पूर्ण होईपर्यंत त्याला अशा ठिकाणी नेऊच नका. पुणे महापालिकेचा कुत्रा पाळण्याचा परवाना लागतो आणि त्यासाठी रेबीजची लस दिल्याचा दाखला लागतो, हेही सांगून ठेवते. परवाना घेतलेली घरं बोटांवर मोजावीत, अशी मला आमच्या गल्लीवरून शंका आहे!

आणि कुत्र्याला गाडीत ठेवून स्वतः जेवायला जाऊ नका. बाहेर फक्त २४ अंश तापमान असलं, तरी उन्हातल्या बंद गाडीत अर्ध्या तासात पारा चाळिशीच्या वर जातो. आपल्याला अंगभर घाम येतो, कुत्र्याला तो पंजांपुरताच. बाकी सगळी मदार जिभेवर, म्हणजे धापा टाकण्यावर.

कुणाला चावलाच, किंवा दाताने नुसतं खरचटलं, तर काय कराल? वाहत्या पाण्याखाली साबण लावून जखम पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून पंधरा! हळद नाही, चुना नाही, मिरची तर नाहीच नाही. मग त्याच दिवशी डॉक्टर, आणि सांगतील तितकी इंजेक्शनं, एकही न चुकवता. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, पण वेळेवर लस घेतली तर तो टाळता येतो. १८८५ च्या जुलैत लुई पाश्चर यांनी जोसेफ मायस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला ही लस दिली. पिसाळलेला कुत्रा त्याला जागोजागी चावला होता. तो वाचला, आणि मोठेपणी पॅरिसच्या पाश्चर संस्थेतच कामाला लागला. आणि हो, घरी सांगितलं तर रागावतील म्हणून चावल्याचं लपवून ठेवणारी मुलं मला माहीत आहेत. आई-बाबा, या एका गोष्टीसाठी अजिबात रागावायचं नाही, हे आजच मुलांना सांगून टाका.

या आठवड्याचा उद्योग असा. घरातल्या मोठ्यांना बरोबर घेऊन दुपारी बाराला आणि संध्याकाळी सहाला डांबरी रस्त्यावर तळहाताची मागची बाजू टेकवून पाहा. सात आकडे मोजेपर्यंत ठेवता आली का? चटका बसला तर लगेच उचला, आणि दोन्ही वेळा वहीत लिहा. दुसरं, आपल्या स्वयंपाकघरात कांदा-लसूण पडण्याआधी कुत्र्याला देता येईल असं काय काय बाजूला काढता येईल? दुधी, गाजर, लाल भोपळा, भात... पुढचं तुम्ही शोधा, आणि मेन्यूकार्ड चित्र काढून पाठवा. नाव मराठीतच द्यायचं हं!