सूर्यघराची सवलत आणि टिनाचें छप्पर

वैशाखाचें ऊन म्हणजे काय, हें अमरावती-अकोल्याच्या मुलांस भूगोलाच्या पुस्तकांतून शिकावें लागत नाहीं. पारा ४५ अंशांकडे जाऊं लागला म्हणजे दुपारीं रस्ते ओस पडतात, घरोघर कूलर सुरू होतात, आणि पुढें विजेचें बिल हातीं पडलें कीं घरधन्याच्या कपाळास आठ्या पडतात. अशा प्रांतांत विजेची बचत करूं पाहणाऱ्यास सरकारनें साहाय्य करावें, हें योग्यच होय.

तें साहाय्य सुरूही झालें आहे. फेब्रुवारी २०२४ मध्यें केंद्र सरकारनें ‘प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजना’ आरंभिली. घरावर सौरसंच बसविणाऱ्यास एका किलोवॅटला ३०,००० रुपये, दोहोंस ६०,००० आणि तीन वा अधिक किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान ठरलें. एक कोटि घरांपर्यंत पोहोंचण्याचा संकल्प झाला. जें ऊन आम्हांस भाजतें, त्यानेंच आमचे पंखे फिरावे, याहून उचित तें काय?

परंतु एक गोष्ट आमच्या मनास सलते. या अनुदानासाठीं प्रथम स्वतःचें घर हवें व संच पेलणारें छप्पर हवें. शिवाय पदरचे पैसे घालून किंवा कर्ज काढून संच बसविल्यावर मग अनुदान बँकेंत जमा होतें. कित्येक विद्यार्थी भाड्याच्या खोलींत राहतात. कित्येकांच्या डोक्यावर टिनपत्रे आहेत. परीक्षेच्या दिवसांत तापल्या पत्र्याखालीं अभ्यास करणाऱ्या भाडेकरूच्या मुलास या ७८,००० रुपयांतील एक पैसाही लाभत नाहीं.

सवलत त्याच्यापर्यंत पोहोंचविणें अशक्य आहे काय? जानेवारी २०१५ मध्यें सुरू झालेली ‘उजाला’ योजना पाहा. दिवे एकगठ्ठा खरेदी केल्यानें भाव उतरले, आणि भाडेकरूही स्वस्तांत एलईडी दिवा घेऊं शकला. ६० वॅटचा जुना दिवा रोज पांच तास जळाला तर महिन्यास ९ युनिटें लागतात. जवळजवळ तितकाच प्रकाश देणाऱ्या ९ वॅटच्या एलईडी दिव्यास दीड युनिटही लागत नाहीं. तसेंच छपराचें. पत्र्यास चुना किंवा ऊन परतविणारा पांढरा रंग दिला कीं खालची खोली कमी तापते. शेजारच्या तेलंगण राज्यानें २०२३ सालीं अशा थंड छपरांसाठीं स्वतंत्र धोरणच आंखलें.

म्हणून आमचें मत असें कीं, सौरसंचाच्या अनुदानाबरोबरच छपराच्या पांढऱ्या रंगास व कमी वीज खाणाऱ्या पंख्यासही सवलत मिळावी, आणि ती मिळण्यास घराची मालकी आड येऊं नये. आमच्या नगरपालिका व महानगरपालिका यांनीं या कामीं पुढाकार घ्यावा.

विद्यार्थीमित्रहो, तोंवर आपणांस एक गोष्ट करितां येईल. घरचें मीटर वाचण्यास शिका, दर रविवारीं आंकडा वहींत टिपा, आणि वीज कोठें वायां जाते तें वडीलधाऱ्यांस दाखवा. सुज्ञ पालकांनींही मुलांची ती वही अवश्य पाहावी, अशी आमची विनंती आहे.