आधी कारण, मग पान्हा



नांदेड-लातूर भागातील आपल्या काही कुटुंबांनी भावाभावांत पैसे घालून जुनी बोलेरो किंवा सुमो घेतलेली आहे. सुमो १९९४ साली बाजारात आली व २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. बोलेरो आली ती २००० साली. दवाखाना असो, बाजारहाट असो की लग्नकार्य, घरादाराचा भार हीच गाडी वाहते. ती एक दिवस खालून खडखडू लागली की सर्वांचा जीव टांगणीला लागतो. दुरुस्तीस किती पैसे लागतील ही एक काळजी, आणि वाटेत काही तुटले तर, ही त्याहून मोठी.

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूरमार्गे लातूरला जाणारा रस्ता आता ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आहे. परंतु महामार्ग सोडून गावाकडे वळले की आपली काळी माती आडवी येते. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्यावरचा रस्ता जागोजागी खचतो. तेथला प्रत्येक हादरा गाडीच्या खालच्या भागाला सोसावा लागतो. पाटे व स्प्रिंगा वजन पेलतात आणि हादरा झेलतात. त्यानंतरची उसळी आवरण्याचे काम शॉकअपचे. लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून सांध्यांत रबरी बुश बसवलेले असतात. हे रबर झिजले की आवाज सुरू होतो, आणि दोष मात्र पुष्कळदा शॉकअपच्या माथी मारला जातो.

आमच्या परिचयातील लोहा तालुक्यातील एका कुटुंबाच्या बोलेरोला मागून करकर आवाज येई. एका गॅरेजवाल्याने गाडीत बसून न पाहताच मागचे दोन्ही शॉकअप बदलले. पैसे गेले, आवाज राहिला. पुढे लातूरच्या एका वयस्कर मिस्त्रींनी चौघांना मागे उभे करून गाडी हलवायला सांगितली आणि स्वतः पाण्याची बाटली घेऊन एकेका बुशावर पाणी टाकीत गेले. पाट्याच्या मागच्या टोकाच्या बुशावर पाणी पडताच करकर थांबली. दोष सापडला. नवे बुश शॉकअपच्या जोडीपेक्षा कितीतरी स्वस्तात आले.

अशी तपासणी आपल्यालाही करता येते. प्रथम गाडी रिकामी करावी. जॅक, टॉमी, पाने, सैल स्टेपनी किंवा सायलेन्सरचे तुटलेले रबर हेच पुष्कळदा वाजत असते.

नंतर आवाज केव्हा येतो ते पाहावे. दोन्ही चाके गतिरोधकावरून सरळ नेली असता गाडी शांत, पण एकच चाक खड्ड्यात गेले की टकटक होत असेल, तर पुढच्या स्टॅबिलायझर बारचे बुश किंवा लिंक तपासावे. खराब रस्त्यावर हळू जाताना ब्रेक किंचित दाबताच आवाज थांबला, तर ब्रेकचे पॅड सैल असण्याचा संभव आहे. गाडीचा कोपरा जोराने दाबून सोडला आणि ती दोन-तीनदा हिंदकळत राहिली, किंवा शॉकअपवरून तेल ओघळलेले दिसले, तर मात्र शॉकअपच गेला असे समजावे. पाट्यांमध्ये मोडलेले पान आणि सैल यू-बोल्ट अवश्य पाहावेत. मर्यादेबाहेर माणसे कोंबल्यानेही पाटे मोडतात.

स्टेअरिंग वळवताना खटखट होत असेल तर बॉल जॉइंट व टाय रॉड त्याच दिवशी तपासून घ्यावेत. बॉल जॉइंट निसटला तर पुढचे चाक आडवे होते व गाडी हातात राहत नाही. तेथे लिंबू-मिरची कामास येत नाही. तसेच नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, क्षणभरसुद्धा, शिरू नये. खाली भक्कम स्टँड आणि चाकांना उटी लावलेली असलीच पाहिजे.

मिस्त्रीकडे गेल्यावर चार गोष्टींचा आग्रह धरावा. एक, त्याला शेजारी बसवून आवाज ऐकवावा. दोन, काढलेला जुना भाग आपल्याला दाखवावा. तीन, शॉकअप बदलायचाच झाला तर डाव्या-उजव्याची जोडी बदलावी. चार, रबरी बुशाचा बोल्ट शेवटी आवळायचा तो गाडी जमिनीवर चाकांवर उभी असताना. हवेत आवळला की गाडी खाली येताच रबर पिळले जाते व नवे बुशही लवकर फाटते. आवाज दाबण्यासाठी जुने इंजिन ऑइल शिंपडणाऱ्यास नको म्हणावे. त्या तेलाने रबर खराब होते आणि धूळही चिकटते.

कष्टाचा पैसा देताना "हा भाग का बदलता?" असे विचारण्यास आपली माणसे अजून संकोचतात. जाणत्या मिस्त्रीला अशा प्रश्नाचा राग येत नाही. हे प्रश्न घरातील मुलामुलींना शिकवा, आणि पुढच्या वेळी गॅरेजमध्ये जाताना त्यांनाही बरोबर न्या.