सुई, नमदा आणि नाताळचें घर

गेल्या वर्षीं नाताळच्या सजावटीसाठीं एक लहानसें घर करण्याचें काम आमच्या वर्गाकडे आलें. टेबलावर मांडतां येईल एवढें, नमद्याचें, म्हणजे बाजारांत ज्याला फेल्ट म्हणतात त्या वस्त्राचें तें व्हावयाचें होतें. हें कळतांच आमच्यांत दोन पक्ष पडले. एका पक्षाचें म्हणणें असें, कीं शिवणकाम हें मुलींचें. मुलग्यांनीं सुई हातीं धरली तर हंसें होईल. त्यापेक्षां वर्गणी काढून तयार घर विकत आणावें. दुसऱ्या पक्षांत आम्ही चौघेच होतों. त्या चौघांची बाजू वाचकांपुढें मांडावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम नमदा म्हणजे काय तें पाहूं. इतर वस्त्रें विणतात. नमदा विणीत नाहींत. लोकरीच्या तंतूवर अतिसूक्ष्म खवले असतात. ऊन पाणी व साबण घालून लोकर दाबली आणि मळली, म्हणजे हे खवले एकमेकांत असे अडकतात कीं पुन्हा सुटत नाहींत. आपल्याकडील जुना बुरणूस याच जातीचा. विणकर नसल्यामुळें कापलेल्या कडेचे दोरे निघत नाहींत व कड दुमडावी लागत नाहीं. शिकाऊ हातांच्या चुका इतक्या सहजपणें पोटांत घालणारें दुसरें वस्त्र आम्हांस ठाऊक नाहीं. हल्लीं बाजारांत मिळणारें बरेंचसें फेल्ट मात्र कृत्रिम तंतूंचें असतें. त्यावर कडक इस्तरी फिरवूं नये.

नमद्याचें घर म्हणजे केवळ खेळणें, असेंही कोणी समजूं नये. मंगोलियांतील पशुपालक ज्या गोल घरांत राहतात, त्या 'गेर'वर नमद्याचेंच आच्छादन असतें. तें बांधण्याच्या कलेस २०१३ सालीं युनेस्कोनें आपल्या अमूर्त वारशाच्या यादींत स्थान दिलें. तेथें नमदा आपल्या बळावर उभा राहत नाहीं. आंत लांकडी जाळीचा सांगाडा असतो. आम्हांस हें माहीत नव्हतें, म्हणून आमचें पहिलें घर उभें करतांच गुडघे टेकून बसलें! मग प्रत्येक भिंतीसाठीं दोन तुकडे घेऊन मध्यें जाड पुठ्ठा घातला व कडा काजाच्या टाक्यानें शिवल्या.

दुसरी चूक माझी. घराची रुंदी १० सेंटिमीटर, तेव्हां छपराचें प्रत्येक पाखें ५ सेंटिमीटर, असा मीं हिशेब केला. चढवूं लागलों, तों दोन्ही पाखीं आढ्यावर भेटेनात. गुरुजींनीं कांहीं न बोलतां फळ्यावर काटकोन त्रिकोण काढला. पाया ५, उंची ५, तर कर्ण सातांहून किंचित् अधिक. त्यांत वळचणीसाठीं थोडी वाढ धरून ८ सेंटिमीटर हवे होते. पायथागोरसचा सिद्धांत मीं परीक्षेंत बरोबर लिहिला होता. पण तो समजला मात्र त्या दिवशीं, वाया गेलेला तांबडा तुकडा हातांत धरून.

कौलांसाठीं अर्धगोल कातरलेल्या पट्ट्या आम्ही आढ्यापासून खालीं लावूं लागलों. तेव्हां एका मित्रानें हात धरला. त्याचे वडील घरें शाकारतात. कौल वळचणीपासून वर चढवीत न्यावें, म्हणजे वरच्याची कड खालच्यावर येते व पाणी आंत शिरत नाहीं, हें त्यानें दाखविलें. वर्गांत सदा मागें बसणारा तो मुलगा त्या दिवशीं आमचा गुरु झाला. छपरावर कापसाचें बर्फ पसरण्याची सूचना आली, ती आम्हीं मानली नाहीं. आमच्या गांवीं बर्फ कधीं पडलें नाहीं. मग तें आमच्या घरावर कशाला? त्याऐवजीं दारावर कागदाची चांदणी टांगली.

आतां सुईविषयीं. संत नामदेव शिंपी होते. गांवोगांवीं पुरुष शिंपी असतात. चांभार वहाण शिवतो, शस्त्रवैद्य जखम शिवतो, आणि त्यांस कोणी हंसत नाहीं. मोल मिळालें कीं सुई पुरुषाची, आणि घरांतला फाटका सदरा शिवावयाचा असला कीं ती आईची किंवा बहिणीची, हा न्याय कोठला? दिवसभर राबून माझी आई रात्रीं माझ्या सदऱ्याची गुंडी लावीत असे, आणि मी शेजारीं बसून पुस्तक वाचीत असें. त्यांत कांहीं वावगें आहे, हें सुईनें तीनदां बोट टोंचेपर्यंत माझ्या मनांतही आलें नव्हतें.

विकतचें घर आमच्या घराहून सुबक दिसलें असतें, हें आम्ही मान्य करतों. त्यांत अभ्यासाचा वेळही वांचला असता. परंतु आम्हीं वेचलेल्या चार संध्याकाळींत भूमिति, घरबांधणी आणि स्वतःची लाज या तिन्हींचा थोडाबहुत अभ्यासच झाला. डावीकडची भिंत अजून जराशी कललेली आहे. ती पाहून हंसणाऱ्यांपैकीं दोघे यंदा आपण होऊन सुई मागावयास आले. म्हणून हस्तव्यवसायाच्या तासाला मुलग्यांसही सुईदोरा मिळावा, अशी शाळेच्या चालकांस आमची नम्र विनंति आहे.