जबान ठीक आहे, पण कागद कुठे आहे?

सोलापुरात अब्बांचं शिलाईचं दुकान २४ वर्षं एकाच गाळ्यात होतं. गाळ्याचे मालक शेठ आणि अब्बा रोज एकाच टपरीवर चहा प्यायचे. करार नव्हता. डिपॉझिट रोख दिलेलं, भाडंही दर महिन्याला रोख आणि त्याची नोंद शेठच्या वहीत. कुणी विचारलं तर अब्बा म्हणायचे, "शेठनी जबान दिलीय."

२०१९ मध्ये शेठ वारले. दोन महिन्यांनी त्यांची मुलं आली. "चाचा, आम्हाला जागा लागतेय, महिन्याभरात खाली करा." ती वही कुणालाच सापडली नाही. वकिलांनी आम्हाला पहिला प्रश्न विचारला, "भाडेपावत्या आहेत?" आमच्याकडे होता फक्त त्या पत्त्यावरचा जुना शॉप अ‍ॅक्टचा परवाना. त्यावर तडजोड झाली. सहा महिन्यांची मुदत मिळाली, डिपॉझिट बुडालं. अब्बांनी मशिनी घरी आणल्या, पण गिऱ्हाईक घरापर्यंत आलं नाही.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ सांगतो की वेळेवर भाडं देणाऱ्या, अटी पाळणाऱ्या भाडेकरूला कायद्यात दिलेल्या कारणांशिवाय काढता येत नाही. मालकाला स्वतःला जागेची खरी गरज असेल तर ते एक कारण आहे, पण ती गरज त्याने कोर्टात सिद्ध करावी लागते. भाड्याची पावती देणं मालकावर बंधनकारक आहे. दबाव आणण्यासाठी पाणी किंवा वीज तोडणं गुन्हा आहे. म्हणजे अब्बांना हक्क होता. तो दाखवायला हातात काही नव्हतं. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे काही बिघडलं की आधी लॉग उघडतात, कुणाला काय आठवतं ते नंतर. अब्बांच्या २४ वर्षांचा लॉग दुसऱ्याच्या वहीत होता.

इथवर वाचून मालकावर राग येईल. मलाही आला होता. पण तीन वर्षांनी मी स्वतः मालक झालो. पुण्यात कर्ज काढून छोटा गाळा घेतला आणि ओळखीच्या एका मुलाला मोबाईल रिपेअरिंगसाठी दिला. एजंट म्हणाला, "अकरा महिन्यांचा नोटरी करार करू. रजिस्टर कशाला, सगळे असंच करतात." मीही तेच केलं. वर्षभरात भाडं थकलं. गाळा सोड म्हटलं तर तो म्हणाला, डिपॉझिट दुप्पट दिलं होतं, ते आधी परत करा. अर्धं रोख दिल्याचं त्याचं म्हणणं.

त्या दिवशी मी कलम ५५ पहिल्यांदा वाचलं. लिव्ह अँड लायसन्स असो की भाडेकरार, तो लेखी आणि नोंदणीकृत हवा. अकरा महिन्यांची पळवाट महाराष्ट्रात चालत नाही आणि नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय नोंदणीकृत करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच ग्राह्य धरलं जातं. ते खोटं आहे हे मालकाने सिद्ध करायचं. म्हणजे माझ्या प्रकरणात त्याची जबान चालणार होती, माझी नाही.

आपल्या गल्ल्यांमध्ये दोन्ही बाजूंना भीती आहे. मालकाला वाटतं, कागद केला की भाडेकरू कायमचा चिकटेल. प्रत्यक्षात उलट आहे. मुदत लिहिलेला नोंदणीकृत लायसन्स नसेल तर समोरचा "मी भाडेकरूच आहे" म्हणू शकतो. राहत्या घराचा लायसन्स संपला तर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जलद दाद मागता येते. दुकानाला ती सोय नाही, कोर्टात दावा लावावा लागतो. म्हणून गाळ्याच्या मालकाला कागद जास्तच हवा.

दुकानदार गप्प बसतो, कारण कागद मागितला तर गाळा जाईल. दुसरीकडे विचारायला गेलं की आधी नाव विचारतात, हा आपल्यातल्या अनेकांचा अनुभव. त्यामुळे आहे ते धरून ठेवायचं. ही भीती खोटी नाही. पण गप्प राहून अब्बांचा गाळा वाचला नाही.

खर्चाचं कारणही टिकत नाही. दहा हजार भाडं, एक लाख डिपॉझिट, तीन वर्षांचा लायसन्स धरा. ०.२५ टक्के दराने मुद्रांक शुल्क हजारच्या आत येतं, शहरात नोंदणी फी हजार रुपये. नोंदणी ऑनलाइनही होते. दोघांनी मिळून दुकानाच्या बोर्डावर याहून जास्त खर्च केलेला असतो.

करार लगेच होणार नसेल तरी एवढं आजच करा. भाडं बँकेतून किंवा यूपीआयने द्या आणि त्यात "दुकान भाडे" व महिना लिहा. डिपॉझिट रोख देऊ नका. शॉप अ‍ॅक्टची नोंद दुकानाच्या पत्त्यावर ठेवा. आणि एक सावधगिरी: तुम्ही जुने भाडेकरू असाल आणि मालक "फक्त औपचारिकता" म्हणून लिव्ह अँड लायसन्सवर सही मागत असेल, तर वकिलाला दाखवल्याशिवाय करू नका. लायसन्स म्हणजे ठरल्या मुदतीपुरती वापराची परवानगी. त्या एका सहीने भाडेकरूचं संरक्षण हातचं जाऊ शकतं.

"आपल्या माणसाकडे कागद मागायचा? शोभत नाही," असं वडीलधारे म्हणतात. त्यांना अदबीने आठवण करून द्या की कुरआनातली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आणि साक्षीदारांबद्दल आहे. लिहून ठेवणं म्हणजे अविश्वास नाही. शेठ प्रामाणिक होते, आजही मी ते मान्य करतो. पण त्यांची जबान त्यांच्याबरोबर गेली.

माझ्या गाळ्यात आता नवा भाडेकरू आहे. किल्ली देण्याआधी करार नोंदवला आणि त्याची प्रत त्याच्या हातात दिली. तुमच्या घरात कुणाचं दुकान असेल किंवा कुणी गाळा भाड्याने दिला असेल, तर या जुम्म्याला जेवताना एकच विचारा: कागद कुठे आहे?