दाढेचा हिशेब

 वर्षभर एक गोष्ट आमच्या मनाला सलत राहिली आहे. सरकारी खर्चाने होणाऱ्या दातांच्या उपचारांत फुकट काय, पदरचे काय आणि खजिन्यातले काय, हे रोग्याला आधी कोणीही समजावून सांगत नाही.

बडोद्यातल्या आमच्या प्रतापनगरात रेल्वेचे विभागीय कार्यालय आहे, रेल्वेचे रुग्णालयही आहे. त्यामुळे ज्या घरात रेल्वेची नोकरी किंवा निवृत्तिवेतन आहे, त्या घराला उपचाराचा एक ठरलेला आधार आहे. त्याच वस्तीत, पण असा आधार नसलेल्या, पोळ्या लाटून संसार चालवणाऱ्या, आमच्या परिचयाच्या एक बाई उजवा गाल सुजला म्हणून एका सार्वजनिक दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी केसपेपरवर ‘४६’ असा आकडा लिहून त्याभोवती वर्तुळ काढले. दंतवैद्यकात तो खालच्या उजव्या बाजूच्या पहिल्या दाढेचा क्रमांक होय; बाईंनी तो रुपयांचा आकडा समजून पन्नासाची नोट पुढे केली. नोट कोणी घेतली नाही, आणि आकड्याचा अर्थही कोणी सांगितला नाही. दाढ वाचेल असे ठरले, काही खेपांत मुळांची सफाई होऊन ती भरली गेली, एक पैसाही पडला नाही. आणि शेवटच्या खेपेस, ‘आता बाहेरून कॅप बसवून घ्या,’ एवढे तोंडी सांगून त्यांना निरोप देण्यात आला. कॅपला काही हजार लागतात हे त्यांना खाजगी दवाखान्याच्या पायरीवर समजले. कॅप राहिली. नस काढलेली, आतून पोखरलेली दाढ चावण्याचा भार फार काळ सोशीत नाही. पुढे तीही उभी चिरली आणि काढावीच लागली.

येथे बुडाले कोणाचे? बाईंची मजुरी बुडाली, हे उघड आहे. पण डॉक्टरांचा वेळ, औषधे, खुर्ची आणि वीज यांवर झालेला सार्वजनिक खर्चही तितकाच व्यर्थ गेला. गर्दीने वाकलेल्या डॉक्टरांना आम्ही बोल लावीत नाही. कॅपची गोष्ट पहिल्याच दिवशी कळली असती तर बाईंनी भिशीचा नंबर मागून घेतला असता, किंवा पैसा उभा राहत नाही असे पाहून दाढ तेव्हाच काढून घेतली असती. दोन्ही निर्णय समंजस ठरले असते. अज्ञानात मात्र तिसराच झाला.

आयुष्मान कार्डाची कथा याहून वेगळी नाही. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान योजनेचा मुख्य आधार रुग्णालयात दाखल होणे हा आहे. म्हणून अपघातात जबडा मोडला तर कार्ड उपयोगी पडू शकते, किडलेली दाढ भरण्यास किंवा साध्या रूट कॅनलला नाही. मर्यादा असणे हा अपराध नव्हे, पण कार्ड घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला ती मर्यादा खिडकीवर कळावी, हे रास्त नाही. फुकट काय आणि पदरचे काय, हा वाद इंग्लंडातही जुना आहे; १९५१ साली सरकारी आरोग्यसेवेतील कवळ्या आणि चष्मे यांवर आकार बसवण्याच्या प्रश्नावरून तेथील मजूरमंत्री अन्यूरिन बेव्हन यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला होता. आज तेथे सरकारी दंतोपचाराच्या तीन पायऱ्या आहेत आणि २०२५-२६ साली त्यांचे आकार २७.४०, ७५.३० आणि ३२६.७० पौंड असे जाहीर होते. तेथे सरकारी योजनेतला दंतवैद्य मिळणेच अनेकांना दुरापास्त झाले आहे, तेव्हा त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही; पण आपली पायरी कोणती हे रोग्याला आधी विचारता येते.

ज्या बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, १९३१ साली, राज्यकारभारातील शब्दांचा अनेक भाषांतील कोश ‘श्री सयाजीशासनशब्दकल्पतरु’ या नावाने सिद्ध झाला, त्या शहरात दवाखान्याच्या दर्शनी भिंतीवर गुजराती, मराठी आणि हिंदीत एक दरपत्रक लावणे अशक्य कसे असेल? कोणते काम येथे होते, कोणते होत नाही, बाहेरून काय आणावे लागेल आणि सरकार स्वतः प्रत्येक कामावर किती खर्च करते, एवढेच त्यात हवे. आकडे पाहून गरीब माणूस बिचकेल, असा आक्षेप आम्ही ऐकला आहे. गरिबाला आकड्यांची भीती नसते. तो रोज आकड्यांतच जगतो. त्याला भीती असते ती मागाहून उगवणाऱ्या आकड्याची.

यंदाच्या अंकाचे सूत्र ‘हिशेब’ असे आहे. चोपडीपूजनाच्या मुहूर्तावर निघणाऱ्या अंकाला ते साजते, आणि लेखकांनी शेतीपासून संगीतापर्यंत त्याचा विस्तार केला आहे. दाढेचा हिशेब तेवढा आमच्याकडे राहिला होता. दरपत्रकाच्या वरील चार बाबींची माहिती मागणारा अर्ज २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यान्वये आम्ही तयार केला असून दिवाळीची सुट्टी संपताच तो दाखल करू. ज्या वाचकांपाशी दंतोपचाराचे जुने केसपेपर व बाहेरच्या पावत्या असतील, त्यांनी त्यांच्या नकला, नावे झाकून, कार्यालयात आणून द्याव्यात.