विद्यापीठातल्या संशोधनाचा उपयोग काय? पुण्यातली चार उदाहरणं आणि एक फूटपट्टी

संशोधन म्हटलं की पांढरा कोट, टेस्ट ट्यूब आणि शेवटी एखादं पेटंट, असं चित्र डोळ्यांसमोर येतं. इंजिनीअरिंगच्या वर्गात तर ते पक्कं बसतं. मग कुणी जुन्या शब्दांवर किंवा तीन हजार वर्षांपूर्वीच्या धान्यावर पीएचडी करतंय असं कळलं की प्रश्न ठरलेला असतो : आमच्या करातून हे कशाला?

प्रश्न रास्त आहे. विद्यापीठांना जनतेचा पैसा मिळतो, तेव्हा हिशेब मागायलाच हवा. पण प्रत्येक विषयाचा हिशेब एकाच फूटपट्टीने होतो का? पुण्यातलीच चार कामं पाहू.

१. ‘अ’ अक्षरावर अडलेला शब्दकोश?

येरवड्याजवळच्या डेक्कन कॉलेजमध्ये, म्हणजे आजच्या अभिमत विद्यापीठात, १९४८ साली प्रा. सु. मं. कत्रे यांनी संस्कृत कोशाचं काम सुरू केलं. सुमारे १,५०० ग्रंथ वाचून त्यांतले शब्द संदर्भासह कागदाच्या चिठ्ठ्यांवर उतरवण्यात आले. अशा जवळपास एक कोटी चिठ्ठ्या तिथे जपून ठेवल्या आहेत. पहिला भाग १९७६ मध्ये छापून आला. पस्तिसाव्या भागापर्यंत येऊनही शब्द ‘अ’नेच सुरू होणारे आहेत.

हा निव्वळ संथपणा नाही. एखादा शब्द कोणत्या काळात, कोणत्या ग्रंथात, कोणत्या अर्थाने आला हे इथे क्रमाने नोंदवलं जातं. त्या ग्रंथांत आयुर्वेद, गणित, कायदा, वास्तुशास्त्र असे अनेक विषय आहेत. शब्दाचा अर्थ चुकला तर त्यावर रचलेला इतिहासही चुकतो.

२. इतिहासाला प्रयोगशाळा कशाला?

याच संस्थेने १९६८ ते १९८३ या काळात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला उत्खनन केलं. ह. धी. संकालिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली ताम्रपाषाणयुगातलं एक अख्खं गाव उलगडत गेलं. घरं, धान्याची कोठारं, पाण्याचा पाट, घराच्या जमिनीखाली कुंभांत पुरलेली लहान मुलं.

जळालेले दाणे कशाचे, हे वनस्पतीशास्त्राच्या जाणकारांनी सांगितलं. हाडं कोणत्या प्राण्याची, हे प्राणीशास्त्राच्या. त्यावरून ढवळीकरांनी मांडलं, की हवामान कोरडं होत गेलं तशी इथली शेती खालावली आणि लोक मेंढपाळ, भटक्या जीवनाकडे वळले. दुष्काळ आणि स्थलांतर हे आपल्या राज्याचे आजचेच विषय आहेत. आणि हे काम विज्ञानाचं की मानव्यविद्येचं, हे वेगळं करून सांगताच येत नाही.

३. न सापडलेल्या लाटांवर गणित?

गणेशखिंडला पुणे विद्यापीठाच्या आवारात ‘आयुका’ आहे. १९९१ साली तिथल्या संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी गुरुत्वीय लहरी कशा ओळखायच्या, याचं गणित मांडलं. तोवर अशी लहर कुणी थेट टिपलेली नव्हती.

कल्पना साधारण अशी : वरातीच्या गोंगाटात ओळखीच्या गाण्याची चाल कान बरोबर पकडतो, कारण ती आधीपासून माहीत असते. तसंच लहरीचा संभाव्य आकार आधी गणिताने काढायचा आणि उपकरणाच्या गोंगाटात तो शोधायचा. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या ‘लायगो’ने पहिली लहर टिपली. तिची खात्री करताना याच प्रकारची पद्धत वापरली गेली. मधे २४ वर्षं गेली. आज हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ उभी राहणार आहे. २०२३ मध्ये केंद्राने तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले.

४. गरीब कुणाला म्हणायचं?

गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातल्या गरिबीचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणसाला रोज २,२५० कॅलरी मिळण्याइतका खर्च करता येतो का, ही त्यांची कसोटी. १९६०-६१ च्या आकड्यांवरून त्यांनी दाखवलं, की ग्रामीण भागातले सुमारे ४० टक्के आणि शहरांतले सुमारे ५० टक्के लोक या रेषेखाली होते. उपाय म्हणून सार्वजनिक कामांतून रोजगार देण्याचा आग्रह त्यांनी धरला. ना यंत्र, ना पेटंट. पण दारिद्र्यरेषा कुठे आखायची, हा वाद देशात पुढे अनेक दशकं चालला.

मग अडचण कुठे आहे?

मोजण्यात. ‘एनआयआरएफ’ क्रमवारीत संशोधन मोजताना शोधनिबंध, त्यांचे संदर्भ, पेटंट आणि प्रकल्पांचा निधी पाहिला जातो. रसायनशास्त्राला ही मोजणी बरीचशी लागू पडते. पण कोशाच्या चिठ्ठ्या किंवा पंधरा वर्षांचं उत्खनन तिच्यात कसं बसवणार?

निधीचंही तसंच. २०२३ च्या कायद्याने ‘अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन’ स्थापन झालं. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपयांचं उद्दिष्ट आहे. मात्र मानव्यविद्या आणि समाजशास्त्रं त्याच्या कक्षेत येतात ती विज्ञान-तंत्रज्ञानाशी जिथे सांधा जुळतो तेवढ्यापुरतीच. इनामगाव त्यात कदाचित बसेल. कोशाला बसवायला खटपट करावी लागेल.

काय करता येईल?

सगळ्या संशोधनाला डोळे झाकून पैसे द्या, असं कुणी म्हणणार नाही. वाईट काम प्रत्येक विषयात होतं, त्याला चाप हवाच. पण तपासणी त्या विषयाच्या चालीने व्हावी. कोशाला विचारा : नोंदी अचूक आहेत का, नवी माणसं तयार होतायत का? गणिताला विचारा : मांडणी तर्काला टिकते का? अर्थशास्त्राला विचारा : आकडे दुसऱ्याला तपासता येतात का? आणि दीर्घ पल्ल्याच्या कामांना कायम पदं द्या. दर तीन वर्षांनी माणसं बदलली, तर पहिल्याने काय वाचलं हे दुसऱ्याला पुन्हा वाचावं लागतं.

‘उपयोग काय?’ हा प्रश्न सोडू नका. फक्त त्याच्यापुढे ‘किती वर्षांत?’ आणि ‘कुणाला?’ हेही जोडा. १९९१ साली धुरंधरांना कुणी हाच प्रश्न विचारला असता, तर दाखवायला त्यांच्याकडे कागदावरची समीकरणंच होती.